अंगणात फुलपाखरं: खाऊच्या थाळ्या, चिखल आणि निवारे (नाशिकच्या नोंदी)

जागा इंदिरानगर, नाशिक. बंगल्यामागचं अंगण, साधारण २० बाय १५ फूट. दक्षिणेला ६ फुटी कंपाउंड, पश्चिमेला शेजारची तीनमजली इमारत, पूर्व मोकळी. आधीपासून होतं ते एक जुना आंबा, एक कण्हेर आणि फरशी. ठरलं ते असं: खाऊची भांडी आणि निवारे घरीच करायचे, आणि कशाला फुलपाखरं येतात नि कशाला नुसत्या मुंग्या, ते लिहून ठेवायचं. फुलपाखरांची नावं निरीक्षकांच्या तोंडी असतात तीच ठेवली आहेत.

२६ मे

पहिलं काम ऊन मोजण्याचं. सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता सावलीच्या कडा फरशीवर खडूने आखल्या. यात एक फसगत आहे. मेअखेर नाशिकला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, भिंतीला सावलीच उरत नाही आणि सगळं अंगण उन्हाचं वाटतं. डिसेंबरात हीच ६ फुटी दक्षिण भिंत दुपारी बाराला पावणेसहा फुटांच्या आसपास सावली पाडते. थंडीत फुलझाडांना ऊन हवं आणि फुलपाखरांनाही, कारण पंख तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही. म्हणून भिंतीलगतची ६ फुटांची पट्टी फुलांच्या कुंड्यांसाठी बाद. तिथे फळांची थाळी आणि पालापाचोळा. पूर्वेच्या कडेला काळ्या दगडाच्या चार फरश्या उघड्याच ठेवल्या, सकाळी शेकायला.

वाऱ्याचा अंदाज आत्ताच घ्यावा. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. इथे इमारत आड आहे, पण तिच्या कोपऱ्याशी झोत तयार होतो. तिथे टांगलेलं काहीही गरगर फिरतं. फिरत्या भांड्यावर फुलपाखरू बसत नाही.

अंदाजपत्रक ३,००० रुपये. त्यातले निम्मे भांडी आणि फुलपाखरांच्या निवाऱ्याच्या लाकडी घरासाठी धरले होते.

९ जून

रोपं आणली. अळ्यांसाठी कडीपत्ता २, कागदी लिंबू १, हळदीकुंकू (रुईच्या कुळातलं झुडूप) ४. मधासाठी पेंटास ३, जमैकन स्पाइक २, एक्झोरा १, झिनियाचं बी. झिनिया घेताना एकेरी पाकळ्यांचाच घ्यायचा. दुहेरी, गच्च फुलाच्या जाती दिसतात छान, पण पाकळ्यांच्या गर्दीत सोंड मधापर्यंत पोचत नाही. झेंडूचंही तेच. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण तिची फळं पक्षी खातात आणि बी गावभर पसरतं. लावायचीच तर कुंडीत, आणि हिरवी फळं दिसताच खुडायची.

रुई मोकळ्या प्लॉटवरून उपटून आणू नये. मूळ सरळ खोल जातं, ते तुटलं की झाड आठवड्यात माना टाकतं. म्हातारीसकट उडणारं बी गोळा करून थेट जागेवर पेरलं. चीक डोळ्यात गेला तर डोळा चांगलाच सुजतो, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नर्सरीतल्या लिंबू-कडीपत्त्यावर बहुधा आंतरप्रवाही कीटकनाशक मारलेलं असतं. ते पानाच्या आत असतं, धुऊन जात नाही. रोप तुकतुकीत, एकही पान कुरतडलेलं नाही, म्हणजे शंका घ्यावी. कुंडीतली वरची दोन-तीन इंच माती बदलली, शेंडे छाटले, आणि दोन महिने नवी पालवी येईपर्यंत रोपांवर जाळी टाकली. एक कडीपत्ता मुद्दाम उघडा ठेवला, फरक दिसावा म्हणून.

२१ जून

साखरपाण्याची पहिली बरणी. २०० मिलीची जॅमची काचेची बरणी, झाकणाला मधोमध ६ मिमीचं भोक, त्यात सुती दोऱ्याची जाड वात, बरणी उलटी टांगलेली. झाकणाला लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या पाकळ्या. प्रमाण १ वाटी साखर, १० वाट्या पाणी, उकळून गार केलेलं. मध वापरू नये, लवकर आंबतो आणि मधमाश्यांचे रोगही पसरवू शकतो. खाण्याचा रंग घालायचं काही कारण नाही. फुलपाखराला रंग दुरून दिसायला हवा, पाण्यात नव्हे.

बरणी गळते. सकाळी ठीक असते, दुपारी टपटप सुरू होते. कारण साधं आहे: आतली हवा उन्हाने तापून फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. बरणी जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त, तितकी गळती जास्त. वात घट्ट केली तर गळती थांबते पण वात कोरडी पडते.

उलटी बरणी सोडून दिली. त्याऐवजी उथळ बशी, तीत भांडी घासायचा नवा पिवळा स्पंज कापून बसवला, साखरपाणी स्पंजाच्या निम्म्या उंचीपर्यंत. वर पाणी साचलेलं नको, नाहीतर पाय आणि पंख चिकटतात. उन्हाळ्यात रोज, एरवी दिवसाआड बदलायचं. पाणी गढूळ झालं किंवा आंबूस वास आला की स्पंज उकळत्या पाण्यातून काढायचा.

२८ जून

मुंग्या. बशी टांगलेल्या सुतळीवरून रांग लावून येतात. सुतळीच्या जागी १८ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार घेतली, तरी मुंग्यांना तार म्हणजे हमरस्ता. साधी बाइंडिंग वायर पावसात गंजते, तीही नको.

व्हॅसलीन फासून पाहिलं. पावसाळ्यात चालतं, पण धूळ बसली की मुंग्या त्या धुळीवरून पार होतात. उन्हाळ्यात तर ते वितळून खाली थाळीतच गळेल.

टिकला तो पाण्याचा खंदक. प्लास्टिकच्या बाटलीचं मोठं झाकण किंवा औषधाची लहान कुपी घ्यायची, तळाला तापवलेल्या सुईने भोक पाडायचं, तार त्यातून ओवायची, भोक दोन्ही बाजूंनी एम-सीलने बुजवायचं, रात्रभर वाळू द्यायचं. झाकण तारेवर उताणं राहतं. त्यात पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. त्या थेंबाने पाण्याचा ताण मोडतो आणि मुंगी तरंगत पार न होता बुडते. थाळीला टेकणारी एकही फांदी राहिली तर मात्र सगळी मेहनत फुकट. वारा आल्यावर कोणती फांदी टेकते तेही पाहा.

मुंग्या थांबल्यावर साखरपाण्यावर आल्या त्या मधमाश्या. फुलपाखरं नाहीतच म्हटलं तरी चालेल. जमैकन स्पाइकला कळ्या आल्यात, बशी त्याच्या शेजारी हलवली आहे.

६ जुलै

लाकडी घर भिंतीवर चढवलं. १२ मिमी प्लायवूडची पेटी, उंची ६० सेंमी, रुंदी आणि खोली १५-१५ सेंमी, समोर १० सेंमी लांब आणि १.२ सेंमी रुंद उभ्या फटी, आत आंब्याची वाळली साल. बाहेरून वॉर्निश, आत काही नाही. जमिनीपासून ४ फूट, तोंड पूर्वेला.

१९ जुलै

फळांची थाळी. कुंडीखालची मातीची १० इंची ताटली, तीन तारांवर, वर तारेवर खंदकाची सोय. पावसाने थाळी भरून केळ्याचं सरबत होतं, म्हणून तळाला ४ मिमीची पाच भोकं पाडली आणि वर १ फुटावर जुनं १४ इंची स्टीलचं ताट पालथं बांधलं. छताला अंतर हवंच. कमी ठेवलं तर फुलपाखराला वरून उतरता येत नाही.

केळं साल काळी पडेपर्यंत पिकू द्यायचं, लांबट चीर द्यायची, साल काढायची नाही. अननसाच्या रसवाल्याकडची सालं उत्तम, ती बहुतेक फुकट मिळतात. चिकू आणि पेरू चालतात. लिंबूवर्गी फळं नकोत.

साखरपाण्याशी झगडून जे झालं नाही ते या थाळीने केलं. कॉमन बॅरन आला. दुपारी ऊन उतरल्यावर येतो, थाळीच्या कडेला बसतो, पंख सपाट पसरून बराच वेळ चोखतो, बोट जवळ नेलं तरी हलत नाही. याची अळी आंब्याच्या पानावर असते हे कळल्यावर जुना आंबा तपासला. पान उन्हाकडे धरून मधल्या शिरेवरच नजर फिरवायची. अळीच्या पाठीवरची फिकट रेघ बरोबर शिरेवर जुळवलेली असते आणि दोन्ही अंगाचे पिसांसारखे काटे पानाला चपटे चिकटलेले, त्यामुळे कडाच दिसत नाही. सावली पडत नाही म्हणून पक्ष्यालाही सापडत नाही. या झाडावर फवारणी करायची नाही, हे घरात सांगून ठेवलं.

तिन्हीसांजेला कॉमन इव्हनिंग ब्राऊन येतात. जवळपास चिंचेची झाडं असतील तर थाळीवर ब्लॅक राजाचीही शक्यता असते.

खारी दिवसा केळं पळवतात, रात्री उंदीर. तारेवर टांगल्यावर उंदीर थांबले. खारींसाठी थाळी भिंतीपासून आणि फांदीपासून किमान ४ फूट दूर न्यावी लागली. रात्री थाळी आत घेणं सोयीचं. पाल आणि सरडा थाळीशी दबा धरतात, त्यावर उपाय नाही, आणि करूही नये.

४ ऑगस्ट

श्रावण लागला की अंडी आणि माणूस एकाच पानावर येतात. बेलावर लाइम बटरफ्लाय अंडी घालतं आणि बेल शंकराला जातो. रुईवर प्लेन टायगर, आणि दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. कडीपत्त्यावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन, आणि कडीपत्त्याशिवाय फोडणी कसली! भांडण नको असेल तर वाटणी करा: जमिनीपासून ३ फुटांपर्यंतची कोवळी पालवी अळ्यांची, वरची जून पानं स्वयंपाकाची. तोडण्याआधी पान उलटून पाहायचं.

ओळख अशी. लाइमचं अंडं मोहरीएवढं, गोल, फिकट पिवळं, शेंड्याच्या कोवळ्या पानावर एकटं. प्लेन टायगरचं पांढरट, उभट, टोकदार, बहुतेक पानाच्या खालून. लाइमची लहान अळी पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसते आणि लोक ती झटकून टाकतात. मोठी झाल्यावर हिरवी होते. बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर काढते, वास उग्र. चावत नाही.

१८ ऑगस्ट

उघड्या ठेवलेल्या कडीपत्त्यावर अळ्या निघाल्या आणि मेल्या. लक्षणं: खाणं थांबतं, अंग वळवळतं, तोंडातून हिरवं पाणी येतं, अळी पानावरून गळून पडते. जाळीखालच्या रोपांवरची नवी पालवी खाऊन अळ्या ठणठणीत आहेत. दोन्ही रोपं एकाच नर्सरीतली, एकाच दिवशीची. दोन महिने थांबणं का गरजेचं, ते यावरून दिसतं. उघड्या रोपाची सगळी पानं काढून टाकली. माती बदलली, आता नवी पालवी आल्यावरच ते उघडं करायचं.

जाळीबद्दल. मच्छरदाणीचं कापड पानाला टेकलं तर गांधीलमाशी बाहेरूनच अळीला गाठते. जाळी आणि पान यांत चार बोटं अंतर हवं, त्यासाठी बांबूच्या तीन काड्यांचा सांगाडा. दोन फुटी रोपावर मोठ्या अळ्या तीन-चार, त्याहून जास्त नकोत. लाइमची अळी शेवटच्या काही दिवसांत जे खाते ते आधीच्या सगळ्या दिवसांच्या वरचढ असतं आणि रोप एका रात्रीत नुसत्या काड्यांचं होतं. आत दोन-तीन सुक्या काटक्या उभ्या ठेवा, कारण कोष करायला अळी बऱ्याचदा झाड सोडून चालू लागते. फुलपाखरू बाहेर पडलं की पंख लोंबायला मोकळी जागा आणि वाळायला दोन-तीन तास द्यायचे, मग जाळी उघडायची. कोंडून ठेवायचं नाही. काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत आहेत, हेही लक्षात असू द्या.

७ सप्टेंबर

चिखलाची परात. पाऊस थांबला की डबकी आटतात आणि तेव्हाच याला अर्थ असतो. जुलैत ठेवली असती तर कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

१६ इंची प्लास्टिकचं घमेलं. तळाला एक इंच खडी, वर दोन-अडीच इंच तीन भाग वाळू आणि एक भाग पोयटा, त्यात मूठभर कुजलेलं शेणखत. काळी माती वापरली तर दुपारपर्यंत भेगा पडतात आणि ओली केली की लोण्यासारखी चिकट होते. क्रश सँड वापरताना ती चार पाणी बदलून धुवावी. त्यातली दगडाची भुकटी राहिली तर दोन दिवसांत वर सिमेंटसारखा थर बसतो.

मीठ: ५ लिटर पाण्याला चहाचा एक सपाट चमचा, तेही पंधरा दिवसांतून एकदा. बाकी दिवस साधं पाणी. मिठाचा हात सैल सोडला तर वर पांढरी पापुद्री धरते, मग माती उकरून बदलावी लागते. चिखलावर येणाऱ्या फुलपाखरांच्या नरांना हवं असतं ते मुख्यतः हे मीठच, सोडियम. फुलांच्या मधात ते फारसं नसतं.

ओलावा किती? बोट दाबलं की खड्ड्यात पाणी झिरपलं पाहिजे, पण पृष्ठभाग चकाकता कामा नये. ओल टिकवायला एक लिटरची बाटली, बुचाला टाचणीचं भोक, मान खाली करून वाळूत खोचली. साधारण दिवसभर पुरते. पाणी वर साचू दिलं तर डास होतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस घमेलं पूर्ण कोरडं ठेवायचं. खंदकातलं पाणीही दिवसाआड.

पहिले आले ते छोटे निळे, मग कॉमन एमिग्रंट. कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर टाकळा माजला आहे, एमिग्रंट जातींच्या अळ्या त्यावर वाढतात. एक ‘कॉमन जे’ जातीचा नर बसला, तो पाणी पीत होता आणि दर काही सेकंदांनी मागच्या टोकाने थेंब उडवत होता. मीठ आत राहतं, पाणी टाकून देतात. तो थेंब अंगठ्याएवढ्या अंतरावर पडलेला नुसत्या डोळ्यांनी दिसतो, फक्त पाठीशी सूर्य हवा आणि आपली सावली परातीवर पडता कामा नये.

शेजारच्या मांजराने परातीचा उपयोग वेगळ्याच कामासाठी केला. वाळू सगळी बदलली, घमेलं २ फुटी लोखंडी स्टँडवर ठेवलं आणि वाळूत बोराच्या काटक्या खोचल्या. पुन्हा आलं नाही.

२२ सप्टेंबर

खुळखुळ्याची जुडी. याचा खर्च शून्य आणि परिणाम सगळ्यात जोरदार. माळावरचा खुळखुळा किंवा भुरुंडी शेंगा-फुलांसकट कापायची, उलटी टांगून सावलीत सुकवायची. उन्हात पानं चुरा होऊन गळतात. वाळल्यावर मुठीएवढी जुडी बांधून छातीच्या उंचीवर टांगायची, आठवड्यातून दोनदा पाणी शिंपडायचं.

प्लेन टायगर, स्ट्राइप्ड टायगर आणि कॉमन क्रो यांचे नर येतात. या झाडांतल्या कडवट द्रव्यापासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. जुडीवर मध वगैरे काही नसतं. नर सोंडेतून थेंब सोडून वाळलं देठ ओलं करतात आणि विरघळलेलं पुन्हा ओढून घेतात, म्हणून शिंपडलेल्या पाण्याने काम सोपं होतं. पायाच्या नखांनी पानं ओरबाडतातही. जुडी महिन्याने निस्तेज होते, बदलायची.

खुळखुळा विषारी आहे. गुरं, शेळ्या, लहान मुलं यांच्या हाती लागेल असा टांगू नका.

१० ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट. थाळीवर चिलटांचे ढग. त्यावर औषध मारता येत नाही, फळ दर दोन दिवसांनी बदलणं एवढंच.

कॉलनीत डेंगीसाठी धूरफवारणी झाली आणि जाळीतल्या अळ्यांचा मोठा भाग गेला. आधी कळलं तर कुंड्या खोलीत घ्यायच्या, दारं-खिडक्या बंद, फवारणीनंतर अंगणातली पानं पाण्याने धुवायची. जमिनीतल्या झाडांचं काही करता येत नाही. म्हणूनच निदान दोन अळीझाडं कुंडीत असावीत.

हळदीकुंकवावर पिवळा मावा. औषध नाही, निमतेलही नाही, अळ्याही त्याने मरतात. पाण्याची जोराची धार मारायची, त्याआधी अंडी असलेली पानं बाजूला बांधून घ्यायची.

काही कोषांतून फुलपाखरू निघालं नाही. कोषाला बारीक गोल भोकं दिसली तर ते परजीवी गांधील. असा कोष काढून टाकावा. सगळे वाचवायचा हट्ट नको.

२ नोव्हेंबर

लाकडी घर उतरवलं. आत कोळ्यांची जाळी, वरच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीची मातीची घरटी, मागे पालीची अंडी. फुलपाखराचा एक खवलाही नाही. फटी रुंद करून, जागा बदलूनही काही फरक पडला नव्हता. ही पेटी मुळात थंड देशांतली कल्पना, जिथे काही जाती प्रौढ अवस्थेत झाडाच्या ढोलीत हिवाळा काढतात. आपल्याकडे ती गरजच नाही. इथली फुलपाखरं रात्री पानाखाली, गवताच्या पात्याला, सुक्या काटकीला लटकतात. पेटी आता कुंभारीण माशीला देऊन टाकली, मागच्या भिंतीवर.

निवाऱ्यासाठी काड्या लागतात, आणि या दिवसांत नाशिकात काड्यांना तोटा नाही. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झालेली असते, बांधावर ढीग पडलेले असतात. गिरणारे किंवा मखमलाबादकडे कोणी ओळखीचा शेतकरी असेल तर तो उलट म्हणेल, घेऊन जा. फक्त त्या काड्यांवर हंगामभराच्या फवारण्यांचा थर असतो. हौदात बुडवून घासून धुतल्या आणि पंधरवडाभर उन्हात टाकल्या. नंतर ३ फूट लांबीच्या, पेन्सिलच्या जाडीच्या काड्यांची सैल मोळी बांधून पूर्वेच्या पागोळीखाली आडवी टांगली, टोकं खाली झुकलेली. घट्ट बांधू नये. लटकायला मोकळी टोकं लागतात, मोळीचं पोट नव्हे.

तिन्हीसांजेला टायगर आणि क्रो एकाच काडीवर ओळीने बसलेले सापडले. काडी सुकी, पानं नसलेली, वाऱ्याच्या आडची हवी, एवढीच त्यांची अट दिसते.

बाकीचे दोन निवारे फुकटचे. आंब्याखाली पालापाचोळ्याचा वीतभर थर, ओला-सुका: इव्हनिंग ब्राऊन दिवसभर त्यातच असतो, पाय पडेपर्यंत दिसत नाही. आणि कोपऱ्यात ३ बाय ६ फुटांचं न कापलेलं गवत, ग्रास यलो आणि पॅन्सी रात्री तिथे. पाहुणे आले की हा कोपरा "साफ" करायची सूचना मिळते, तेवढी सहन करावी.

१४ डिसेंबर

थंडी. साडेनऊच्या आत अंगणात हालचाल नाही, पूर्वेच्या काळ्या फरश्यांवर पंख पसरून शेकणारे लेमन पॅन्सी तेवढे. खाऊ सकाळी लवकर भरून उपयोग नाही, दहाला भरा. कोषही रेंगाळतात. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत फुटणारा लाइमचा कोष आता बराच जास्त वेळ घेतो. मेला समजून टाकू नका. हलकेच बोट लावल्यावर हलला, किंवा वजन जाणवलं, तर जिवंत.

केळ्याचं आंबवलेलं मिश्रण या दिवसांत कामाला येतं, कारण थाळीतलं फळ थंडीत वास सोडत नाही. तीन अतिपिकी केळी, ५० ग्रॅम गूळ, चिमूटभर बेकरीचं यीस्ट, कुस्करून रुंद बरणीत, वर फडकं बांधून. थंडीत चार दिवस, उन्हाळ्यात दोन. झाकण घट्ट लावू नये, वायू धरून बरणी फुटते. आंब्याच्या खोडावर ४-५ फुटांवर ब्रशने फासायचं.

२० जानेवारी

खर्च: रोपं आणि बी ७६०, लाकडी घर ५३०, तार-स्पंज-एमसील १३०, मातीच्या ताटल्या १४०, घमेलं आणि पोयटा २००, जाळीचं कापड १८०. एकूण १,९४० रुपये. घराचे ५३० पाण्यात. पुन्हा करायचं झालं तर ते पैसे सरळ आणखी कडीपत्ता, लिंबू आणि एक्झोऱ्यात घालावेत. साखरपाण्याची बशी ठेवायची तर फुलं नसलेल्या महिन्यांपुरती. फुलं असताना तिच्याकडे कोणी बघत नाही.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला, गाड्यांवर गळालेली द्राक्षं स्वस्त. थाळीत अख्खी टाकून उपयोग नाही, सोंड साल फोडू शकत नाही. चेचावी लागतात. त्याआधी मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून दोनदा धुवायची. तरीही फवारणीची शंका असेल तर केळंच बरं.

१५ मार्च

दुपारी चटके बसायला लागले. खंदकातलं पाणी दुपारी दोनपर्यंत उडून जातं आणि चारला मुंग्या थाळीत. झाकणाच्या जागी दहीभांड्याएवढी मोठी कुपी बसवली, सकाळी आणि दुपारी दोनदा भरायची. घमेलं आंब्याच्या कवडशात सरकवलं, बाटली एकाऐवजी दोन. पेंटास आणि जमैकन स्पाइक एक तृतीयांश छाटले, पावसाआधी फुटवा येईल. लिंबू छाटलेला नाही, त्याच्या मार्चच्या पालवीवर लाइमची अंडी आहेत. रुईचं बी रुजलं त्यातली तीन रोपं जगली, वीतभर झाली आहेत. यंदा त्यांची पानं मारुतीला द्यायची नाहीत.